आयोवातल्या पेला गावाला निघालोय, तिथल्या थंडीचा अंदाज कसा वाचायचा?

निलंग्याचे गुरुजी

नमस्कार मंडळी. मी निलंगा तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झालेला मास्तर. साडेचार एकर रान आहे, सोयाबीन काढून हरभरा पेरलाय. लेक-जावई अमेरिकेत आयोवा राज्यात पेला नावाच्या गावात राहतात. वस्ती दहा हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची मोठी ग्रामपंचायतच म्हणा. लेकीचं बाळंतपण आहे, म्हणून मी अन् आमच्या घरचे १४ नोव्हेंबरला हैदराबादवरनं निघायलोत. जानेवारीत परत.

अडचण अशी. फोनात त्या गावाचं नाव टाकून ठेवलंय, रोज चहाच्या आधी बघतो. परवा ४१ दाखवलं. म्हटलं ४१ म्हणजे आपला मे महिना, अन् लेक तर व्हिडिओवर कानटोपी घालून बसलेली. मग जावई म्हणाले हे फॅरनहाइट. बरं, ते कळलं. पण ४१ च्या खाली बारीक अक्षरात 'वाटतं २९' असं येतं ते काय प्रकरण? दुसऱ्या दिवशी ६३, तिसऱ्या दिवशी ३४. एका आठवड्यात एवढं खालीवर होतं का फोनच बिघडलाय?

दुसरं, लातूरच्या गंजगोलाईत एक दुकानदार 'मायनस दहाचं' जाकीट म्हणून साडेचार हजार सांगायलाय. घ्यावं का? घरच्यांचं म्हणणं, घोंगडं न्या. तिसरं, मी पहाटे ५ ला फिरायला जातो, तीस वर्षांत खाडा नाही. तिथं जमंल का? अन् शेवटचं, तिकडंही सोयाबीनच पिकतं म्हणे. उभं पीक बघायला मिळंल का? येळवस, म्हणजे आपला रानातल्या जेवणाचा सण, चुकणार ह्याचं वाईट वाटायलंय, किमान त्यांचं रान तरी बघावं.

परळीचा पोऱ्या

गुरुजी, घोंगडं नेलं तर विमानात त्याचं वेगळं तिकीट काढावं लागंल. अन् थंडीचं एवढं काय घेऊन बसलात? २०१८ च्या डिसेंबरात परभणीत पारा २ अंशावर आला होता. शेकोट्या करून काढलीच की आपण. तसंच समजायचं.

अंबाजोगाईची माहेरवाशीण

गुरुजी नमस्कार. मी अंबाजोगाईची, बारा वर्षं झाली आयोवाच्या राजधानीत, डि मॉइनला आहे. पेला इथून तासाभराच्या आत. तुमचा फोन ठीक आहे, इथला नोव्हेंबरच तसा आहे.

आधी आकडा. फॅरनहाइटमधून ३० काढा आणि उरेल त्याचं निम्मं करा. ४१ चे साडेपाच येतात, खरं उत्तर ५. रोजच्या कामाला एवढा हिशेब पुरतो. ३२ तेवढे डोक्यात पक्के ठेवा, तिथं पाणी गोठतं. नोव्हेंबरच्या शेवटी इथं दुपारी चाळीस-पंचेचाळीस आणि पहाटे पंचविशीत असं साधारण असतं म्हणतात. पण असे 'साधारण' दिवस महिन्यातनं चार-दोनच उगवतात. बाकीचे एकतर वर, नाहीतर खाली.

ते 'वाटतं २९' म्हणजे वाऱ्यासकटची थंडी. आपल्या अंगाला लागून गरम हवेचा एक पातळ थर असतो, वारा तो पळवून नेतो. बशीतल्या चहावर आपण फुंकर मारतो ना, तेच. पारा २० वर आणि वारं ताशी २० मैलांचं असलं तर उघड्या कातडीला ते ४ फॅरनहाइटसारखं लागतं. वारं अडवायलाही इथं काही नाही. पीक निघालेलं, झाडावर पान नाही, नजर पोचेल तिथवर काळं रान. म्हणून मी वरचा आकडा बघतच नाही. खालचाच बघते.

परळीच्या भाऊंना सांगते, परभणीचे २ अंश पहाटेचे. दहाला ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसलात की स्वेटर काढावा लागतो. इथं ऊन दिसतं, लागत नाही. नोव्हेंबरअखेर भर बाराचा सूर्य आपल्याकडच्या साडेतीन-चारच्या सूर्याएवढाच वर असतो.

आता जाकीट. लातुरात घेऊ नका. मायनस दहा कुणी मोजलं, दुकानदारानं? लातुरातनं आतले थर्मल घ्या, दोन-दोन जोड, आणि कान पूर्ण झाकणारी टोपी. वरचं जाकीट लेकीबरोबर इथं जाऊन घ्या. जाड असण्यापेक्षा वारा आत न सोडणारं हवं. आत स्वेटर घालता येईल एवढं ढगळं बघा. काकूंचं घोंगडं मात्र मला पटलं, पण ते घरात सोफ्यावर. इथं घरं गरम करतात त्यानं हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन शॉक बसतो आणि ओठ फुटतात. व्हॅसलीन आणा. खोबरेल आणलंत तर ते बाटलीत दगड होईल.

आणि हे नीट वाचा. दिवसाचा एक आकडा बघून इथं बाहेर पडू नये. माझा पहिलाच नोव्हेंबर होता. दुपारी ६१ होतं, म्हणजे आपली अंबाजोगाईची सकाळ. मी सलवार-कमीजवर शाल घेऊन लायब्ररीत गेले. जाताना समोरचा झेंडा उत्तरेकडं फडफडत होता, एवढं आठवतं, कारण इथले झेंडे अंगणाएवढे मोठे असतात. साडेचारला बाहेर आले तर झेंडा उलटा, आणि वाऱ्यात बारीक दाणे. बसला वीस मिनिटं होती. घरी आल्यावर कुकरच्या वाफेवर हात धरून उभी राहिले, तरी मिठाची बरणी उघडता येईना.

तेव्हापासून मी तासातासाचा आलेख बघते. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, राष्ट्रीय हवामान सेवेच्या साइटवर गावाचं नाव टाकलं की फुकट मिळतो. आमच्या भागाचं त्यांचं ऑफिस डि मॉइनला लागून जॉन्स्टनला आहे. आलेखात तपमानाची रेघ कुठं कोसळते आणि वाऱ्याची दिशा कधी फिरते, एवढंच शोधायचं. थंडीच्या दिवसांत दक्षिणेचं वारं सुटून अचानक ऊबदार झालं तर खुश व्हायचं नाही, जाकीट बरोबर घ्यायचं. ११ नोव्हेंबर १९४० ला इकडं असंच झालं होतं. सकाळी छान हवा, मिसिसिपी नदीवर बदकांच्या शिकारीला लोक साध्या कपड्यांत गेलेले. दुपारी वादळ आलं. त्या एका वादळात सगळीकडची मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली, त्यात शिकारी कितीतरी.

इशाऱ्यांचे शब्द लेकीकडून समजून घ्या. 'वॉच' म्हणजे वादळ येऊ शकतं, तयारीत राहा. 'वॉर्निंग' म्हणजे येतंयच, घरात बसा. आपल्या यलो-ऑरेंजसारखं रंगावर जाऊ नका. आणि 'सहा इंच बर्फ' ऐकून घाबरू नका. दहा इंच भुसभुशीत बर्फ वितळला की साधारण इंचभर पाणी होतं. म्हणजे सहा इंच बर्फ हा आपल्याकडचा पंधरा मिलिमीटरचा पाऊस.

पहाटे ५ चं फिरणं विसरा. त्या दिवसांत सूर्य सव्वासातला उगवतो आणि पावणेपाचला मावळतो. अंधार एकवेळ चालेल, पण इथं कधी कधी पाऊस पडता पडता जमिनीला टेकला की गोठतो. डांबरी ओली दिसते आणि असतो तो काचेसारखा बर्फ. दहाला जा. पाऊल सपाट ठेवा, चिखलात बांधावरनं चालतो तसं, आणि हात खिशात नकोत.

सोयाबीन? गुरुजी, ते ऑक्टोबरातच निघालं. मका कुठंकुठं उभा सापडेल. पण एक गंमत बघायला मिळेल. पुढच्या मक्यासाठी काही शेतकरी खत म्हणून आत्ताच जमिनीत अमोनिया सोडतात, ट्रॅक्टरमागं पांढरी टाकी असते. ते हवेच्या अंदाजाबरोबर जमिनीचं तपमानही बघतात. चार इंच खोलीवर ५० च्या खाली आलं आणि अजून उतरतंय अशी खात्री झाल्याशिवाय टाकू नका, असा सल्ला असतो. जमीन ऊबदार असली तर जंतू त्याचं नायट्रेट करतात आणि ते वसंतातल्या पावसानं वाहून जातं. त्यानंतर एप्रिलपर्यंत रान रिकामं. रब्बी नावाची गोष्टच नाही, हे सांगितलं तर आमचे बाबा अजून विश्वास ठेवत नाहीत.

भूगोल धाराशिव

वरच्या ताईंनी छान लिहिलंय. एकच भर घालतो. एवढं खालीवर का होतं? आपल्या उत्तरेला हिमालय आडवा आहे, सैबेरियाची हवा सरळ आत येऊ शकत नाही. अमेरिकेतले मोठे डोंगर उभे आहेत, उत्तर-दक्षिण. मधल्या सपाटीवर कॅनडातनं थंड हवा आणि मेक्सिकोच्या आखातातनं दमट गरम हवा, दोघींना रस्ता मोकळा. नोव्हेंबरात दोघी ताकदीच्या असतात म्हणून जास्त झोंबाझोंबी. मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला ११ नोव्हेंबर १९११ रोजी एकाच दिवशी ८० फॅरनहाइट आणि मध्यरात्रीच्या आत १३, असं झालंय. ताईंच्या नियमानं २५ आणि उणे साडेआठ. खरं गणित केलं तर उणे साडेदहा. शून्याच्या खाली तो नियम जरा लबाडी करतो, तेवढं ध्यानात ठेवा.

निलंग्याचे गुरुजी

पोचून बारा दिवस झाले. लेकीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ताई, जाकीट इथंच घेतलं. घोंगडंही आणलंय, ते आता बाळंतिणीच्या पायावर असतं.

मंगळवारी सकाळी ५७ होतं. दक्षिणेचं वारं. जावई म्हणाले, बाबा, आज फिरून या, मस्त हवा आहे. मी म्हटलं आधी तासाचा आलेख दाखवा. दुपारी २ ला रेघ विहिरीत पडल्यागत खाली. मग ठरवलं, बघायचंच. पावणेदोनला जाकीट, टोपी घालून दारात खुर्ची टाकून बसलो. समोरच्या घरावर झेंडा. घरच्या म्हणायल्या, येडे झालात का, कुणाची वाट बघायलात?

२ वाजले, काही नाही. दहा मिनिटांनी झेंडा पडला अन् काठीला चिकटला. पाखरांचा आवाज बंद. पश्चिम-उत्तरेच्या कोपऱ्यात आभाळाला निळसर काळी पट्टी, खालून सरळ, कुणी पट्टीनं आखल्यासारखी. अन् मग ते वारं आलं. रस्त्यावरची वाळकी पानं सकाळपासनं ज्या दिशेला चालली होती तिकडनंच उलटी पळत यायली. झेंडा दुसऱ्या बाजूला ताठ. डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा बधिर. पाऊण तासात ५७ चे ४१ झाले. तीस वर्षं पोरांना वारे शिकवले, वारा येताना असा बघितला नव्हता. वारं आल्यावर पाच मिनिटं बसलो असंल जास्तीत जास्त, मग पळालो आत.

पहाटेचं फिरणं बंद आहे. ५ ला उठून खिडकीत चहा घेतो. अमोनियाची टाकी बघितली, जावयांनी लांबनंच दाखवली, वास घेऊ दिला नाही. मका काढणारं यंत्र एका फेरीत आपलं अख्खं रान घेऊन जाईल एवढं रुंद आहे. उगं नजर लागायला नको म्हणून जास्त बोललो नाही.

आता माझा प्रश्न उलटा. फोनात लातूर लावून ठेवलंय, ते तीन दिवस ढगाळ दाखवायलंय अन् रात्रीचं तपमान चढलंय. बंगालच्या उपसागरात काही झालंय का? फुलावर येता येता ढग म्हणजे घाटे अळी. शेजारच्या भावानं हे वाचलं तर कळवावं, फोन उचलत नाही.

शेजारचा

गुरुजी, तुम्ही फोन करता तवा इथं रात्रीचा एक वाजतो. साडेअकरा तासांचा फरक आहे म्हणून तुम्हीच सांगून गेलता.

ढग खरंच आहे, गारठा पळाला. धुई पण पडायली, तुरीची फुलं गळायलीत. तुमच्या हरभऱ्यात कामगंध सापळे लावलेत, हेक्टरी पाचच्या हिशेबानं नऊ. काल एका सापळ्यात सहा पतंग होते, आज आठ. परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला असा की सलग दोन-तीन दिवस आठ ते दहा पतंग यायले तर फवारा. उद्या अन् परवा बघतो, तवर निंबोळी अर्क मारून घेतो. शेंडे खुडून झालेत, वहिनी नाहीत म्हणून भाजी आमच्याच घरी शिजली.

तुमचा फवारणी पंप कुठंय? कडब्याच्या खोलीत सापडंना.

निलंग्याचे गुरुजी

माळवदावर, भुसकटाच्या पोत्यामागं. वॉशर सैल झालंय, पाणी भरून आधी बघ.