डोंगरातल्या ओढ्याला पूर किती धरायचा? साकवासाठी सल्ला हवाय (जांबोटी भाग, बेळगाव जिल्हा)

जांबोटीकडचा:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं ओढ्यावर साकव बांधायचा विचार चाललाय. माणसं, जनावरं आणि पॉवर टिलर जाईल एवढाच. ओढा वरच्या रानातनं येतो. नकाशावर मोजलं तर पाणलोट ३ चौरस किलोमीटर, ओढ्याची लांबी अडीच किलोमीटर, वरपासून इथवर उतार १५० मीटर. एक ठेकेदार म्हणतोय ९०० मिमी व्यासाचे तीन पाइप टाकून वर काँक्रीट करू. दुसऱ्यानं सूत्र लावून सेकंदाला १०० घनमीटर काढून दिलंय. त्याला पूलच बांधायला लागेल की ओ! ओढ्यावर मोजमाप कसलंच नाही. काय धरू?

मोरीवाला:
१०० आलंय म्हणजे इंग्लिसचं सूत्र. क्षेत्रफळाला १२४ नं गुणायचं आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्याच्या वर्गमुळानं भागायचं. तुमच्या ३ ला १०२ येतं. जुन्या मुंबई इलाख्यातल्या घाटाकडच्या नद्यांवरनं बसवलेलं सूत्र आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं, त्यामुळं आपल्याकडं ते अजून चालतं. पण ३ चौरस किलोमीटरवरनं १०२ घनमीटर म्हणजे सगळ्या रानावरनं ताशी १२० मिमीच्या वर पाणी नुसतं वाहून जायला पाहिजे, जमिनीत थेंब न मुरता. मला नाही पटत.

आता राईव्हजचं सूत्र १०.२ गुणक धरून लावा, २१ येतं. डिकन्सचं २५ धरून लावा, ५७. ओढा तोच, उत्तरात पाचपट फरक! ही सूत्रं क्षेत्रफळ सोडून काही विचारतच नाहीत. उतार, माती, पाऊस सगळं एका गुणकात कोंबलेलं, आणि तो गुणक ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

पाऊसवेडा:
एवढ्या लहान पाणलोटाला रॅशनल पद्धतच बरी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी १३ मध्ये लहान पूल आणि मोऱ्यांसाठी तीच दिलीय. आधी लांबच्या टोकाचं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते काढा. तुमच्या आकड्यांना साधारण २४ मिनिटं. मग तेवढ्या वेळातला पाऊस कितीच्या वेगानं पडतो ते बघायचं. उदाहरणाला तासाचा मोठा पाऊस ६० मिमी धरला तर २४ मिनिटांसाठी वेग ताशी ८६ मिमी येतो. निम्मं पाणी, म्हणजे ०.५, वाहून जातं म्हटलं तर ३६ घनमीटर. चढावरचा झाडीचा कातळ असेल तर तिथं ०.८ धरतात, मग ५७ च्या पुढं.

६० हा माझा आकडा आहे, तो तसाच उचलू नका. कर्नाटक राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे पाऊसमापक ग्रामपंचायतीच्या पातळीवर आहेत, दर पंधरा मिनिटांची नोंद होते. ती मागा. खानापूर गावातला पाऊस चालणार नाही, कणकुंबीकडचा धरायला लागेल. आणि वर्षाच्या बेरजेला भुलू नका. घाटातला पाऊस दिवसच्या दिवस पडून बेरीज फुगवतो. तासाभरात धो धो ओतायचं काम वळीवही करतो. फक्त मे महिन्यात जमीन तहानलेली असते. जुलैअखेर ती भरलेली असते, पडेल ते खाली. म्हणून पावसाळ्यात मध्यम सरसुद्धा ओढा फुगवते.

जांबोटीकडचा:
आमच्याकडं वर जांभा, मध्ये दाट झाडी, खाली भात. मग ०.८ की ०.५?

मोरीवाला:
ते ओढ्यालाच विचारा. ऑगस्ट २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, कुणी दाखवेल? वळण सोडून सरळ, एकसारख्या पात्रात बघा.

जांबोटीकडचा:
दोघांना वेगवेगळं विचारलं, दोघांनी एकच दगड दाखवला. तिथं रुंदी ७ मीटर, खोली सरासरी १.६. उतार पाण्याच्या नळीनं काढला, ८० मीटरला १ मीटर.

मोरीवाला:
झ्याक काम केलंत! पात्रात धोंडे असतील, मॅनिंगचा आकडा, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा, ०.०५ धरतो. वेग सेकंदाला २.४ मीटर, म्हणजे पूर २७ घनमीटरच्या आसपास. त्या गणितात ०.०४ धरला तर ३३. म्हणजे पाऊसवेडांचं ३६ जमिनीला धरून आहे. १०२ सोडून द्या. पण २०१९ चा पूर तुमच्या ओढ्याला पन्नास वर्षांतला होता की दहा, हे त्या दगडावरनं कळत नाही. म्हणून मी ४० धरेन.

आता पाइप. ९०० मिमीचे तीन मिळून तोंड दोन चौरस मीटरसुद्धा नाही. याच वेगानं पाचेक घनमीटर जाईल, तेही ओंडका अडकला नाही तर. अडकतोच. आठ मीटरचा मोकळा गाळा, दोन मीटर पाणी आणि वर ओंडक्यांसाठी निदान अर्धा मीटर मोकळं सोडा. मधे खांब नको. परवडत नसेल तर ठेंगणा फरशी पूल करा, पूर वरनं जाऊ दे. दोनचार तास थांबायला लागेल, पण फरशी जाग्यावर राहील. खालच्या बाजूला पिचिंग, म्हणजे दगडांचा थर, मात्र करा, पाणी तिथंच पाया खातं.

पाऊसवेडा:
पंचवीस वर्षांतला पूर धरला तरी दहा वर्षांत तो ओलांडायची शक्यता तिसरा हिस्सा असते, हे पंचायतीत आधीच सांगून ठेवा. नंतर शिव्या नकोत.

हेम्माडगा रोड:
मधेच बोलतो. जागा वनखात्याच्या हद्दीत येते का ते आधी बघा. भीमगड अभयारण्याच्या बाजूला असाल तर खड्डा मारायच्या आधी परवानगी लागते, आणि तिला पुरापेक्षा जास्त वेळ लागतो.

जांबोटीकडचा:
सर्व्हे नंबर काढायला उद्या खानापूरला जातोय. पंधरा मिनिटांचा पाऊस मिळाला की इथंच टाकतो. पिचिंगला जांभा चालेल का काळा दगडच पाहिजे?

मोरीवाला:
काळाच. जांभ्याच्या कडा झिजतात.