रोख घेऊन सीमा ओलांडलीत? बडोदेकरांनो, काय घडलं ते सांगा

दांडिया बाजार
डिसेंबरमध्ये दादा शिकागोहून येतोय. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सात हजार डॉलर रोखच घेऊन येतो म्हणाला, आणि मी फोनवरच हात जोडले. 2017 मध्ये एवढ्याच रकमेने आमच्या घराची सव्वा वर्ष झोप उडवली होती.

तेव्हा परदेशात राहणारे मामा माझ्या आजोबांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी 7,000 डॉलर घेऊन आले. सोनं नाही, टीव्ही नाही, मग सांगायचं काय, म्हणून कस्टम्सला काही सांगायचं नसणाऱ्यांच्या ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर पडले. पुढे डॉक्टरांनी औषधांवरच निभावलं. पैसे तसेच राहिले आणि मामा तेच पाकीट घेऊन परत निघाले. जाताना तपासणीत नोटा सापडल्या. ‘आणल्याचा कागद दाखवा.’ तो नव्हताच. 5,000 डॉलरच्या वर नोटा असतील तर उतरल्याउतरल्या करन्सी डिक्लरेशन फॉर्म भरावा लागतो, आणि परदेशात राहणाऱ्याला जाताना नोटा परत न्यायच्या तर हाच कागद दाखवावा लागतो. हे आम्हाला कळलं ते पंचनामा झाल्यावर. नोटा जप्त, विमान गेलं. मग वकील, सुनावण्या, आणि शेवटी दंड भरून रक्कम सुटली. पगाराचा पैसा होता, बँकेतून काढल्याची पावती होती. तरी आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझ्या आजारपणापायी पोराला चोरासारखं उभं राहावं लागलं.

तुमच्यापैकी कोणाला असं काही सोसावं लागलंय का? किंवा वेळीच कोणी सावध केलं का? लहान-मोठं सगळं लिहा.

मांजलपूर
आमचं थोडक्यात निभावलं. न्यू जर्सीहून परत येताना मुलाने घराच्या डागडुजीसाठी पैसे दिले. ह्यांच्याकडे 6,200 डॉलर, माझ्या पर्समध्ये 4,900. दोघांचेही दहा हजारांच्या आत, म्हणून आम्ही निर्धास्त. विमानात चढायच्या वाटेवर अधिकारी उभे होते, त्यांनी विचारलं, किती आहेत? ह्यांनी दोघांचे मिळून खरा आकडा सांगितला. तिथे एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्रच धरतात, आणि 10,000 च्या वर गेली की येताना काय, जाताना काय, कळवावीच लागते. फॉर्म तिथेच भरून घेतला आणि सोडलं. ह्यांनी सहा हजारच सांगितले असते तर? अजून पोटात गोळा येतो. मुंबईला ह्यांच्या 6,200 साठी रेड चॅनलला, म्हणजे काही जाहीर करायचं असणाऱ्यांच्या वाटेला, जाऊन फॉर्म भरला, वीस मिनिटं लागली. पुढे बँकेत नोटा बदलताना आधी तोच कागद मागितला.

वाडी
माझी सीमा परदेशाची नाही, पण लिहितो. नोव्हेंबर 2023, मध्य प्रदेशात विधानसभेची निवडणूक. भाचीचं लग्न अलीराजपूरला. मांडववाला आणि आचारी यांना द्यायला 1,80,000 घेऊन छोटा उदेपूरमार्गे निघालो. हद्दीवर गाडी थांबवली. आचारसंहितेत 50,000 च्या वर रोख असेल तर कशाची आणि कशासाठी, त्याचे कागद लागतात. माझ्याकडे फक्त लग्नपत्रिका. पैसे ठेवून घेतले, पावती दिली. बहिणीसमोर रिकाम्या हाताने उभा राहिलो, ते विसरणार नाही. पुढे जिल्ह्याच्या समितीपुढे बँकेचं पासबुक आणि मांडववाल्याचं बिल ठेवलं, तेव्हा आठ दिवसांनी पूर्ण रक्कम मिळाली. लग्न तोवर उधारीवर पार पडलं होतं.

रावपुरा
2019, पशुपतिनाथ, आम्ही 22 ज्येष्ठ नागरिक. सगळ्यांच्या खिशात पाचशेच्या नोटा. नेपाळने डिसेंबर 2018 मध्ये 100 च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, हे सीमेवरच्या सोनौलीला पोचल्यावर समजलं. अर्धा दिवस शंभराच्या नोटा गोळा करण्यात गेला.

कारेलीबाग
बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर मी अनेक वर्षं काढली, म्हणून कळकळीने लिहितो. किती डॉलर आणावेत यावर भारतात किंवा अमेरिकेत मर्यादा नाही. लपवलेला पैसा मात्र धोक्यात येतो. नोटेवर मालकाचं नाव नसतं, म्हणून तस्करी आणि हवाल्याचा पैसा असाच बॅगेतून फिरतो, आणि म्हणून बहुतेक देश विचारतात. कळवायची मर्यादा अशी: भारतात नोटांसाठी 5,000 डॉलर; नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून 10,000. युरोपीय संघात 10,000 युरो, आणि जून 2021 पासून तिथे सोन्याची नाणीही रोखीत धरतात. नातीसाठी गिन्न्या नेणाऱ्या आज्यांनो, हे ध्यानात ठेवा! आपले रुपये मात्र (नेपाळ-भूतान सोडून) जाता-येता माणशी 25,000 पर्यंतच नेता-आणता येतात.

ताई, तुमच्या दादाने रोख आणूच नये. मुलाने आईच्या खात्यात पाठवलेल्या पैशावर आईला कर लागत नाही. आणायचेच असतील तर बँकेची पावती बरोबर ठेवावी आणि उतरल्यावर थेट रेड चॅनल.

दांडिया बाजार
काका, तुमचं लिहिणं जसंच्या तसं दादाला पाठवलं. आज सकाळी त्याने पैसे आईच्या खात्यात भरले. धागा मामांनाही वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, जप्तीची ती पावती अजून माझ्या पासपोर्टमध्येच आहे.