याशिका-डी आणि रोलायकॉर्ड: आधी समोरची रिंग वाचा

याशिका-डी आणि रोलायकॉर्ड हे वर-खाली दोन लेन्सचे जुने फिल्म कॅमेरे. 'याशिका-डीचा फोटो मऊ, रोलायकॉर्डचा धारदार' हा निकाल जरा घाईचा वाटतो. जुन्या डीवर ३ काचांची याशिकोर येते, नंतरच्यांवर ४ काचांची याशिनॉन. रोलायकॉर्डचंही तेच: ट्रायोटार ३ काचांची, झेनार ४. त्यामुळे कुठली डी, कुठली कॉर्ड, हे आधी लेन्सभोवतीच्या रिंगवरचं नाव वाचून ठरवा. ३ काचांची लेन्स एफ/३.५ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, कोपऱ्यांत विरघळते. एफ/११ला, म्हणजे छिद्र बारीक केल्यावर, फरक शोधावा लागतो.

पण पुष्कळदा लेन्स बिचारी निर्दोष असते, वरची (बघायची) आणि खालची (फोटो काढायची) लेन्स एका अंतरावर जुळत नाहीत इतकंच. मागचं झाकण उघडा. घासलेल्या काचेची अरुंद पट्टी आतल्या दोन रुळांवर ठेवा (बाहेरच्या उंच रुळांवर नको), खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर 'बी'वर, केबल रिलीजने (शटरला जोडायच्या लवचीक तारेच्या कळीने) उघडं धरून, एफ/३.५ला ती काच हातातल्या भिंगातून पाहा; वरच्या लेन्समधून ज्यावर फोकस केलं, तेच इथेही धारदार दिसायला हवं.

फिल्मवर खात्री करायला नाशिककरांना गोदाघाटाच्या पायऱ्या आयत्याच आहेत. ट्रायपॉड लावून तिरक्या कोनातून मधल्या पायरीच्या कडेवर फोकस करा. धार अलीकडच्या पायरीवर उतरली, तर गडबड जुळणीत आहे. रोल रात्रभर कॅमेऱ्यात राहिला असेल, तर त्यानंतरची पहिली फ्रेम मात्र धरू नका; आतल्या रोलरवर वाकलेली फिल्म सपाट बसत नाही.