मदत हवी आहे: ड्रॅग स्ट्रिपवर लाँचच (लाइनवरून सुटणंच) जमत नाहीये

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असतो, काल पहिल्यांदाच आयलंड ड्रॅगवे या ड्रॅग स्ट्रिपला (सरळ रेषेतल्या शर्यतीचा ट्रॅक) टेस्ट अँड ट्यून नाइटला (आपली गाडी नेऊन सराव करायची रात्र) गेलो, गाडी सेकंडहँड मस्टँग जीटी, मॅन्युअल, टायर साधे रस्त्यावरचेच. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, त्यात होऊन होऊन काय होणार असं वाटलेलं, पण गाडी लाइनवर बरोबर उभी राहून स्टेजिंगचे दोन्ही दिवे लागले की पाय लटलटायलाच लागतात राव.

तीन रन मिळाले. बेस्ट १४.१ सेकंद, शेवटी स्पीड ताशी १०६ मैल, आणि पहिल्या ६० फुटांना तब्बल २.५ सेकंद! शेजारचे एक काका (गोरेच, पण स्वभावाने अगदी आपले काका) वेळेची स्लिप बघून म्हणाले की स्पीड बरोबर आहे म्हणजे इंजिनात दम आहे, वेळ सगळा सुरुवातीला चाकं जागेवरच फिरण्यात जातोय. पहिल्या रनला मी शहाणपणा करून लाइनच्या आधी टायर फिरवून गरम करायला जे पाणी ओततात त्यातून गाडी नेली होती, टायरच्या नक्षीत पाणी अडकलं आणि लाइनवर नुसती घसरगुंडी, तेव्हा साध्या टायरवाल्यांनी बाजूने जा बाबांनो.

आता प्रश्न असा की मागच्या टायरची हवा ३२ पीएसआयवरून किती उतरवू, क्लच किती आरपीएमला सोडू, का सरळ ड्रॅग रेडियल (जास्त पकडीचे टायर) घेऊ? बायकोला हेल्मेटचाच खर्च अजून सांगितलेला नाहीये.

आणि सुटायच्या दिव्यांतला हिरवा बघून निघालो की उशीर होतो, शेवटच्या पिवळ्यालाच सुटायचं ना? रिॲक्शन टाइम (हिरव्यापासून गाडी सुटेपर्यंतचा वेळ) ०.९ सेकंद येतोय, लाज वाटते.