"रिकामी आहे" म्हणून घरातली बंदूक पोरांसमोर धरतात, काकांना कसं समजवायचं?

कणकवलीचा_पुणेकर
नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे पण गणपतीपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. आमचं गाव कणकवलीजवळ, काकांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बारा बोअरची दुनळी आहे, आजोबांच्या वेळची, वर दोन घोडे असलेली जुनी. डुकरं आणि माकडं भात-नारळ काही ठेवत नाहीत, त्यामुळे बंदूक का ठेवता हा वाद इथे नको, ते मला मान्य आहे. ती ओटीवर खुंटीला टांगलेली असते, लहानपणापासून तिथेच बघतोय.

तर गणपतीत घर भरलेलं, मुंबईची पोरं आलेली, चुलतभावाने बंदूक काढली आणि माझ्या सात वर्षांच्या भाच्यासमोर धरून म्हणाला हँड्स अप. मी ओरडलो तर काका आतून म्हणतात, "रिकामी आसा रे ती, घाबारतंस कित्याक?" भावाने उजवा घोडा ओढला, पुढचा चाप दाबला, टक्क झालं, पोरं हसली, भाचापण हसला. रात्री आरतीनंतर काकांनी पुसायला म्हणून बंदूक उघडली आणि डाव्या नळीतून काडतूस निघालं. लाल, पितळी बुडाचं. काकांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिशात टाकलं. एक शब्द बोलले नाहीत. भावाने दुसरा घोडा ओढला असता तर, यापुढे मला विचारच करवत नाही.

काका ६८ वर्षांचे, चाळीस वर्षं बंदूक वापरतायत, मी काही बोललो की "पुण्यात ऱ्हवान माका शिकवतंस?" म्हणतात. बहिणीला मी अजून हे सांगितलेलं नाही. नक्की नियम काय असतात आणि मोठ्या माणसाला हे कसं सांगायचं?

सातारचा_फौजी
पोरगं सुखरूप आहे ना, मग पहिलं देवाला हात जोडा. मी १७ वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीच हत्यारांच्या सोबत, आणि तुम्हाला सांगतो "रिकामी आहे" हे वाक्य आमच्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही. कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, रायफल घेतली की नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन (गोळ्यांची डबी) बाहेर, बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागी, डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर बोट घालून चाचपायचं. मग ती शेजारच्या जवानाकडे दिली की तो पुन्हा पहिल्यापासून तेच करतो, जरी त्याने मला करताना समोर उभं राहून बघितलेलं असलं तरी, आणि यात कुणाला अपमान वाटत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे झालं असं समजणारे लोक खूप आहेत पण चेंबरमधला एक राऊंड तिथेच राहतो, आणि तुमच्या दुनळीत तर दोन नळ्या म्हणजे दोन स्वतंत्र बंदुका समजायच्या, एक बघून दुसरीचं कळत नाही.

बाकी सगळं यातूनच येतं बघा. नळी माणसाकडे कधीच करायची नाही, रिकामी असली तरी, गंमत म्हणूनसुद्धा. चापावर बोट फक्त बार काढायच्या क्षणी, एरवी चापाभोवतीच्या कडीच्या (ट्रिगर गार्डच्या) बाहेर सरळ. आणि समोर डुक्कर असेल पण त्याच्या मागे काय आहे, वाडी आहे का, पायवाट आहे का, ते माहीत नसेल तर बार काढायचा नाही. रात्री बॅटरीत नुसते डोळे चमकले म्हणून बार टाकणारे लोक असतात, तिथे डुक्कर समजून माणसं मारली गेलीयत. दुनळी दुसऱ्याच्या हातात द्यायची तर उघडूनच द्यायची, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे.

संगमेश्वरी
फौजीभाऊंचं शंभर टक्के बरोबर, पण आमच्याकडे ठासणीची होती, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे गजाने ठासून भरायची, ती उघडून बघताच येत नाही. वडिलांनी गजावर खूण केलेली, रिकाम्या नळीत गज टाकला की कुठपर्यंत जातो तिथे कानशीने एक खाच, गज टाकल्यावर खाच नळीच्या वर राहिली की समजायचं आत दारू-छर्रे आहेत. आणि केप (घोड्याखालची ठिणगी पाडणारी टोपी) फुटून बार नाही झाला तर लगेच नळीत डोकवायचं नाही, नळी समोरच धरून निदान मिनिटभर थांबायचं, दारू उशिरा पेटू शकते.

एवढं सगळं आम्हाला माहीत होतं आणि तरी दादाचा हात गेला. १९९८ सालची गोष्ट, मी नववीत होतो. डुकराच्या मागावर जाताना गडगा (दगडी बांध) आला, दादा भरलेली बंदूक गडग्याला टेकवून पलीकडे उतरला आणि तिकडून नळीला धरून ओढून घ्यायला लागला. घोडा करवंदीच्या जाळीत अडकला, मागे ओढला गेला आणि सुटला. मी चार पावलांवर होतो. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. गडगा, कुंपण, व्हाळ, काहीही ओलांडायचं असेल तर आधी केप काढायची, काडतुसाची असेल तर काडतुसं काढायची, दोन माणसं असतील तर एकाने धरायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे हो. दादा आता डाव्या हाताने कोयता चालवतो, त्याला बघितलं की मला दर वेळी तो गडगा दिसतो.

अजून एक, पावसाळाभर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं मी स्वतः बघितलंय. तशीच भरून बार काढला तर नळी फाटून तोंडावर येते. वापरायच्या आधी नळीतून उजेड बघाच.

नागपूरकर_वकील
कायद्याचं थोडक्यात सांगते. परवाना काकांच्या नावावर आहे, चुलतभावाच्या नाही, त्यामुळे त्याने ती खेळायला उचलणं मुळातच चूक आणि त्याचा जाब काकांनाही द्यावा लागेल. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, बेफिकिरीने किंवा आनंदाच्या भरात, म्हणजे लग्नात-मिरवणुकीत वगैरे, गोळीबार करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत. आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे गावाकडे खूप जणांना माहीत नसतं.

हरबा
काका काही बोलले तर अभिनेता गोविंदाचं उदाहरण द्या. १ ऑक्टोबर २०२४, पहाटे घरातून निघताना स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवत होता, हातातून पडलं, गोळी पायात. भरलेलं ठेवायचंच कशाला?

कोल्हापूरची_नेमबाज
काकांना नियम सांगायला जाऊ नका, त्यांना शिकवायला सांगा. मी दहा मीटर एअर रायफल मुलांना शिकवते. आमच्याकडे साधी छर्ऱ्याची रायफलसुद्धा खाली ठेवली की नळीत केशरी फ्लॅग घालावा लागतो, लांबून कुणालाही दिसतं की रिकामी आहे, आणि ते न करणाऱ्या पोराला त्या दिवशी नेम धरायला मिळत नाही, मग ते कितीही चांगलं मारत असो. मुलं हे पटकन उचलतात, उलट खुंटीवरच्या गूढ वस्तूला हात लावायचा मोह जास्त. काकांना म्हणा, काका, तुमच्याशिवाय हे पोरांना कोण दाखवणार, तुम्हीच उघडून दोन्ही नळ्या दाखवा. त्या रात्री त्यांनी काडतूस खिशात टाकलं आणि गप्प बसले ना, त्यांना कळलंय हो. काडतुसं मात्र बंदुकीपासून वेगळी, कुलपात.

कणकवलीचा_पुणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. संगमेश्वरी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नेमबाज ताईंनी सांगितलं तसं काल फोन केला. आधी काकूंशी बोललो, त्या म्हणाल्या काका त्या रात्री जेवलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी स्वतः उपटून काढली. बंदूक आता माळ्यावर पेटीत आहे, काडतुसं वेगळ्या पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून, चावी काकांच्या करगोट्याला. चुलतभावाशी त्यांनी आठवडाभर अबोला धरलेला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग काका फोनवर आले. मी म्हटलं दिवाळीत भाच्याला घेऊन येतो, तुम्हीच त्याला सगळं दाखवा. जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "घेवन ये. आणि येताना नळी साफ करूचो ब्रश गावलो तर बघ, हय गावना नाय." बहिणीलाही आज सगळं सांगणार आहे. बारा बोअरचा ब्रश पुण्यात कुठे मिळतो कुणाला माहीत असेल तर सांगा.