मदत हवी आहे: हार्मन फीनिक्स २०० आणि जेजुरीची सोमवती

तिसरा_स्टॉप

मंडळी, फिल्मवर फोटो काढणारे दोन-चार जण अजून इथे आहेत, त्यांच्या भरवशावर हा धागा काढतोय.

मावसबहीण मँचेस्टरला असते. ती आली तेव्हा हार्मन फीनिक्स २०० चे रोल मागवले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इलफर्डच्या कृष्णधवल फिल्म बनवणाऱ्या हार्मनने १ डिसेंबर २०२३ ला आणलेली ही त्यांची पहिली रंगीत फिल्म. प्रायोगिक आहे, कॉन्ट्रास्ट चढा येईल, दाणा दिसेल, उजेडाच्या जागांभोवती लाल वलयं येतील, हे कंपनी विकतानाच सांगून मोकळी झाली. मला त्याचंच आकर्षण होतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. एक रोल पर्वतीवर काढला आणि धुवायला टाकला. लॅबवाल्यांनी रोल परत देताना सांगितलं की फिल्म खराब आहे, विमानतळावरच्या एक्स-रेने गेली असणार, कारण निगेटिव्हचा बेस (चित्राखालच्या मोकळ्या पट्टीचा रंग) नेहमीसारखा नारिंगी नसून जांभळट आला आहे. स्कॅन पाहिले तर सगळं पिवळट-केशरी, सावल्या हिरव्या. हळद उधळायच्या आधीच पर्वतीच्या पायऱ्या पिवळ्या झाल्यात!

आणि मला न्यायचाय उरलेला रोल जेजुरीला, येत्या सोमवतीला. तर प्रश्न असे:

फिल्म खरंच गेली आहे का? स्कॅनचं काय करू? आणि भंडाऱ्याच्या पिवळ्यात, उन्हात, ही फिल्म किती आयएसओला (उजेडाच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) लावू? कॅमेरा निकॉन एफएम१०, लेन्स ५० मिमी १.८.

रिकामटेकडा_पुणेकर

मोबाइलने काढा की. फुकटात हवे तेवढे निघतात.

तिसरा_स्टॉप

काढतो हो, मोबाइलनेही काढतो. आता फिल्मचं सांगा.

डार्करूम_काका

आधी लॅबचं बघू. फीनिक्सचा बेस जांभळटच असतो, कारण तिला नारिंगी मास्क नाही. तुमच्या नेहमीच्या कोडॅक-फुजीच्या निगेटिव्हचा नारिंगी रंग शोभेसाठी नसतो. रंगीत फिल्ममध्ये तयार होणारे रंग शंभर टक्के शुद्ध नसतात. किरमिजी रंग थोडा निळा प्रकाशही खातो, निळसर हिरवा रंग थोडा हिरवा आणि निळाही खातो. ही गळती भरून काढायला फिल्ममधले कपलर (धुताना रंग तयार करणारी रसायनं) मुळातच रंगीत ठेवतात, आणि त्यांचा उरलेला रंग म्हणजे तो नारिंगी. कोडॅकने ही युक्ती १९४० च्या दशकात आणली आणि निगेटिव्हवरून बरे रंग मिळायला लागले. हार्मनने पहिल्या खेपेला त्याशिवाय फिल्म आणली.

आता लॅबच्या स्कॅनरला नारिंगी बेस वजा करायची सवय असते. तो निळा आणि हिरवा वाढवून घेतो. बेस नारिंगी नसेल तर ही वाढ जास्तीची होते आणि उलटवल्यावर चित्र पिवळं-केशरी पडतं. त्यावर ऑटो करेक्शन चालू असलं की सावल्या कुठेही भरकटतात. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे.

एक्स-रेची शंका घरी फेडून घ्या. मोबाइलवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, ब्राइटनेस वाढवा, वर निगेटिव्ह धरा. दोन फ्रेममधली मोकळी पट्टी आणि भोकांच्या बाजूची कड बघा. ती एकसारखी आणि फिकट जांभळी असेल, कडेची अक्षरं-आकडे ठसठशीत असतील, तर फिल्म ठणठणीत आहे. एक्स-रे लागला असता तर ती पट्टीही काळवंडली असती, कधी लाटांसारखे पट्टे आले असते, सावल्यांमध्ये राखाडी धूर दिसला असता. दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून तो निगेटिव्ह करून बघा, पर्वती ओळखू येईल.

मँचेस्टरी_मिसळ

काकांना +१. तरी पुढच्या वेळी बहिणीला सांगा, फिल्म हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, आणि सुरक्षा तपासणीला हाताने बघायची विनंती करायची. इकडच्या बऱ्याच विमानतळांवर आता सीटी स्कॅनर आलेत, ते जुन्या एक्स-रेपेक्षा फिल्मला फार वाईट. चेक-इन सामानात तर टाकूच नये. हाताने तपासायला कोणी नाही म्हटलं तर हसतमुखाने पुन्हा विचारायचं, वाद घालायचा नाही, माझा अनुभव चांगला आहे.

रच्याकने, हार्मनचा कारखाना मॉबर्लीला, चेशायरमध्ये, माझ्या घरापासून गाडीने जवळच. इलफर्डची मूळ कंपनी आल्फ्रेड हार्मन यांनी १८७९ मध्ये काढली. २००४ मध्ये इलफर्डची इंग्लंडमधली कंपनी अडचणीत आली, तेव्हा व्यवस्थापनातल्याच लोकांनी तो कारखाना घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी उभी केली. म्हणजे बुडत्या बोटीतून उतरलेल्यांनी रंगीत फिल्म काढली, याचं मला तरी कौतुक आहे. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत, धुतली जाणारी एक्सपी२ कृष्णधवल ते आधीपासून बनवत होते, तेव्हा रंगाच्या कपलरची ओळख त्यांना होतीच.

जुना_ऊटीकर

अवांतर: ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' कृष्णधवल आठवते का कोणाला? १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना. आम्ही कॉलेजात तीच वापरायचो, कारण परवडायची. आज इंग्लंडमधून रोल मागवावा लागतो आणि वर लॅबवाला फिल्म खराब म्हणतो. असो. चालू द्या.

तिसरा_स्टॉप

काका, पट्टी बघितली. फिकट जांभळी, एकसारखी, आकडे स्वच्छ. मोबाइलवर उलटवल्यावर आकाश निळं आलं, माझा जीव भांड्यात पडला. लॅबला पुन्हा स्कॅन मागू का?

डार्करूम_काका

मागा, पण नीट सांगून मागा. 'ऑटो करेक्शन बंद, कॉन्ट्रास्ट सपाट, टिफ १६ बिट' एवढं चिठ्ठीवर लिहून द्या. जेपीजी दिला तर नंतर रंग ओढताना फाटतो. मशीन जुनं मिनीलॅबचं असेल तर ते जमणार नाही, मग वाद न घालता निगेटिव्ह घेऊन या.

घरी डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर त्याने स्वतःच काढा. खाली पांढरा पॅनल दिवा, फिल्म सपाट धरायला होल्डर, खोलीतला बाकी उजेड बंद. व्हाइट बॅलन्स त्या मोकळ्या जांभळ्या पट्टीवरून घ्या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आणि मग लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल वेगवेगळे उलटवा. पहिल्या फ्रेमला वेळ लागेल, पण एकदा सेटिंग बसलं की बाकीच्या झपाट्याने होतात. या फिल्मला लॅबपेक्षा घरचं स्कॅन बरं येतं असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉन्ट्रास्टवेडी

आयएसओचं मी सांगते, कारण यावर काका आणि माझं जमत नाही.

कोडॅकच्या पोर्ट्रासारख्या फिल्मला दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड दिला तरी ती निमूट सहन करते. फीनिक्स करत नाही. दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. कमी पडला तर सावल्या काळ्या आणि दाणेदार, जास्त झाला तर उजळ भाग निगेटिव्हवर इतका घट्ट होतो की स्कॅनरला त्यातून काही दिसत नाही. ढगाळ हवा, सावली, सकाळचा मऊ उजेड असेल तर मी १६० ला लावते, कधी १२५. कडक उन्हात डब्यावरचे २०० च, कारण तिथे उजळ भाग जपायचा असतो. एफएम१० ला रोलवरचा डीएक्स कोड (आयएसओ सांगणाऱ्या खुणा) वाचता येत नाही, आयएसओ हाताने लावायला विसरू नका.

पण तुमचा खरा घोळ आयएसओत नाही, भंडाऱ्यात आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. समोर पिवळंधमक दिसलं की त्याला वाटतं उजेड खूप, आणि तो कमी एक्सपोजर सांगतो. मग हळद मातकट येते आणि भाविकांचे चेहरे काळे. त्यापेक्षा त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरून त्यावर मीटर घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या. तळहात राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. तळहात भंडाऱ्याने माखायच्या आधी घ्या हे काम! एकदा आकडा मिळाला की मॅन्युअलवर तोच ठेवा, उजेड बदलेपर्यंत मीटरकडे बघू नका.

डार्करूम_काका

तळहाताचं पटलं. १२५ चं नाही पटत, मी २०० च्या खाली जात नाही. पण दोघांनी एकेक फ्रेम अर्धा स्टॉप वर-खाली काढावी यावर एकमत होईल.

रोल पुश मात्र करू नका कोणी, म्हणजे जास्त वेळ धुवू नका. सी-४१ चं डेव्हलपर ३७.८ अंशाला सव्वातीन मिनिटं, तेवढंच. वेळ वाढवली की कॉन्ट्रास्ट अजून चढतो आणि ही बया आधीच चढेल आहे.

कऱ्हाकाठचा

मी मूळचा जेजुरीच्या बाजूचा, म्हणून फोटोचं नाही, गडाचं सांगतो.

पालखी गडावरून कऱ्हेला स्नानाला जाते तेव्हाच उधळण सगळ्यात जोरात. निघायची वेळ अमावस्येवर ठरते, बरेचदा दुपारचीच. म्हणजे ऊन डोक्यावर, कॉन्ट्रास्टवेडी ताईंना नको तेच. त्यापेक्षा सकाळी लवकर पायऱ्यांवरच्या दगडी कमानींखाली उभे राहा. कमानीत सावली, पलीकडे ऊन, आणि लोक भंडारा उडवत वर चढत असतात. पाठीमागून ऊन आलं की हळदीचा धूर पेटल्यासारखा दिसतो.

आता महत्त्वाचं. भंडारा मैद्याहून बारीक. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी, लेन्सपुढे छिद्र, रबर बँड. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा, तो गेला तरी चालेल. आणि गडावर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडू नका. नवा रोल खाली गाडीत बसून भरा.

डार्करूम_काका

हे सोन्याहून पिवळं सांगितलंत. एक कण आतल्या दाबपट्टीवर बसला की रोल पुढे सरकताना प्रत्येक फ्रेमवर एक सरळ ओरखडा. तो स्कॅनमध्ये जात नाही. घरी आल्यावर झाकण उघडायच्या आधी बाहेरून ब्रश मारा, ओलं फडकं नको, हळद बसते.

तिसरा_स्टॉप

वा! अजून एकच. ती लाल वलयं जेजुरीत कुठे मिळतील? ती मुद्दाम हवीत.

कॉन्ट्रास्टवेडी

उजळ ठिपका आणि मागे अंधार असेल तिथे. उजेड फिल्मचे थर ओलांडून मागच्या बेसवर आपटतो आणि परत फिरतो. तो अडवणारा थर नीट असेल तर वलय नसतं. परतीच्या वाटेवर पहिला थर लागतो तो लालला संवेदनशील, म्हणून वलय लाल. सिनेस्टिल ८०० टी या दुसऱ्या फिल्ममध्येही हेच, तिथे सिनेमाच्या फिल्मचा मागचा काळा थर काढलेला असतो म्हणून.

तेव्हा गाभाऱ्याजवळच्या समया, उन्हात चमकणारं पितळी कासव सावलीच्या बाजूने, किंवा कमानीच्या अंधारातून दिसणारी बाहेरची उधळण. लेन्स १.८ ला उघडायची गरज नाही, ४ वर छान येतात.

मँचेस्टरी_मिसळ

वलयं हवी असतील तर हाच रोल वापरा, फीनिक्स २ ची वाट बघू नका. ती २०२५ मध्ये आली. दाणा बारीक आणि कॉन्ट्रास्ट जरा ताब्यात. पुढच्या फेरीत आणायची असेल तर कळवा, मी दिवाळीला येतेय.

तिसरा_स्टॉप

दोन आणा, पैसे आत्ताच पाठवतो. लॅबला चिठ्ठी लिहून निगेटिव्ह पुन्हा दिलेत. पिशवीला छिद्र पाडताना बायकोने विचारलं काय चाललंय, तिला हा धागा दाखवला. ती म्हणाली मग मी पण येते, पण भंडारा माझ्या साडीवर नको.

कऱ्हाकाठचा

साडी जुनी नेसायला सांगा. त्यावर दुसरा इलाज नाही.