रविवारच्या शिबिरात नेमकं काय मोजायचं?

सोसायटीचा ग्रुप, मनीष नगर, नागपूर

देशमुख, सचिव (सी-२०१)
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी क्लब हाऊसमध्ये आरोग्य तपासणी आहे. एका लॅबने ८० टेस्टचं पॅकेज देऊ केलं आहे. घ्यायचं की नाही, ते आपल्या सोसायटीतल्या जाणकारांनी आजच सांगावं. लॅबला उद्या कळवायचं आहे.

डॉ. वानखेडे, फिजिशियन (ए-३०२)
देशमुख साहेब, ८० टेस्ट नका घेऊ. लॅबची नॉर्मल रेंज अशी ठरवलेली असते की पूर्ण निरोगी माणसांतलेही शंभरातले पाच जण त्या रेंजबाहेर पडतात. म्हणजे एका माणसाच्या ८० टेस्ट केल्या तर दोन-चार आकडे लाल येणारच. मग महिनाभर त्या लाल आकड्यांची चर्चा होते, आणि त्याच माणसाचं बीपी १६० आहे हे बाजूला पडतं.

आपल्याकडे धडधाकट दिसणारा माणूस पन्नाशीत आडवा होतो तो बहुतेक हार्ट अटॅक, पॅरालिसिस, शुगरने खराब झालेली किडनी किंवा तोंडाचा कॅन्सर यांपैकी कशाने तरी. या सगळ्यांच्या मागे फिरून तीच पाच-सहा कारणं सापडतात: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर, तंबाखू-सुपारी आणि बैठं काम. तोंडातला चट्टा निदान दिसतो, पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सुरुवातीला दुखतही नाही आणि दिसतही नाही. म्हणून मोजावं लागतं.

दुसरं म्हणजे ही कारणं एकत्र आली की धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. १४५/९० बीपी ३८ वर्षांच्या, शुगर नसलेल्या, तंबाखू न खाणाऱ्या बाईला आहे आणि तेवढंच ५८ वर्षांच्या, शुगर असलेल्या, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या माणसाला आहे. आकडा एकच, पण दुसऱ्याचा धोका कितीतरी पट जास्त. त्यामुळे माझा आग्रह आहे की प्रत्येकाचं एकच कार्ड करा आणि सगळे आकडे त्यावर शेजारी शेजारी लिहा. सुटे रिपोर्ट फाईलमध्ये जातात आणि तिथेच राहतात.

देशमुख, सचिव
मग टेस्ट कोणत्या ठेवू?

डॉ. वानखेडे
बीपी, वजन, उंची, कमरेचा घेर. रक्तात उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज), लिपिड प्रोफाईल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी), हिमोग्लोबिन. ज्यांना बीपी किंवा शुगर आधीपासून आहे त्यांच्यासाठी किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण, म्हणजे एसीआर. एसीआर ३० च्या वर गेला तर किडनीला त्रास सुरू झाल्याची ती खूण असते, आणि तेव्हा क्रिएटिनिन बरेचदा अगदी नॉर्मल असतं. फक्त ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना ही टेस्ट करू नका, खोटी वाढ दिसते. एकदा वाढलेली आली तरी तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करायची. आणि प्रत्येकाचं तोंड उघडून बघायचं. त्यावर आपल्या दंतवैद्य बोरकर मॅडम सांगतील.

मेश्राम ताई, लॅब टेक्निशियन (बी-१०४)
रक्तासाठी येणाऱ्यांनी शनिवारी रात्री ९ पर्यंत जेवून घ्यावं. त्यानंतर फक्त साधं पाणी, आणि ते भरपूर प्या, शीर सापडायला सोपं जातं. सकाळचा चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. शनिवारी रात्री सावजी खाऊन आलात तर ट्रायग्लिसराईड वाढलेलं दिसणार, तेव्हा रोजचंच जेवा.

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी पाण्यासोबत घ्या. शुगरची गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन नाश्ता समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही. ज्यांची शुगर मधूनमधून उतरते त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि रांगेत पहिला नंबर लावावा.

सचिव साहेब, लॅबवाल्याला एक नक्की विचारा: शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या, फ्लोराईडवाल्या नळीत घेणार ना? साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात. तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, आणि उन्हाळ्यात गाडीत पडून राहिलेल्या नळीत त्याहून जास्त. १३० शुगर ११० दिसली की माणूस खुशीत घरी जातो.

डॉ. वानखेडे
ताई, सिकलसेलचंही सांगा, म्हणजे लाल पेशींच्या त्या आनुवंशिक आजाराचं. आपल्या विदर्भात ते सोडून चालतच नाही.

मेश्राम ताई
हो सर. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीला किती साखर चिकटली त्याचं माप, साधारण तीन महिन्यांचं. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी तेवढी जगतच नाही, म्हणून शुगर जास्त असूनही एचबीए१सी कमी येतो. सिकलसेलचे वाहक असतील तर काही मशीनवर आकडा चुकतो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा एचबीए१सी थोडा वाढीव येऊ शकतो. म्हणून तर हिमोग्लोबिन सोबत ठेवलं आहे. घरात सिकलसेल असेल तर फॉर्मवर लिहा, म्हणजे त्यांच्यासाठी उपाशीपोटीची शुगर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची शुगर धरता येईल.

वैद्य काकू (डी-५०३)
आमच्या घरच्या मशीनवर सकाळी १४८ येतं आणि संध्याकाळी १२६. यातलं खरं कोणतं धरायचं?

गेडाम सिस्टर (बी-३०१)
काकू, दोन्ही खरे असू शकतात आणि दोन्ही चुकीचेही. कसं मोजता त्यावर आहे. असं करा:

आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर पाच मिनिटं गप्प बसा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर येईल. हात खाली लोंबता ठेवला की बीपी सहा-सात अंकांनी, कधी दहानेही जास्त येतं. बोलत बोलत मोजलं तरी वाढतं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. बाही गुंडाळून वर सरकवू नका, ती दंड आवळते.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळी आणि नाश्ता व्हायच्या आधी दोनदा, रात्री झोपायच्या आधी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या २४ ची सरासरी काढा. घरचं सरासरी बीपी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आलं तर वाढलेलं. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० वर असते.

आणि पट्टा! मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर छोट्या पट्ट्यावर बीपी हमखास वाढीव येतं आणि गरज नसलेली गोळी सुरू होते. टेपने दंड मोजून मग पट्टा घ्या. मनगटाचं मशीन शक्यतो नको.

वैद्य काकू
सिस्टर, खूप छान समजावलंत. आजपासूनच लिहायला घेते.

राऊत काका, निवृत्त फार्मासिस्ट (ए-१०१)
बीपी अचानक वर गेलं असेल तर गोळ्यांचा डबाही तपासा. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी रोज घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक बीपी वाढवते आणि किडनीलाही मारते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही बीपी वाढतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पावडर म्हणजे बरंचसं सोडियमच.

कमी सोडियमचं मीठ लोक विचारून राहिले आहेत. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. बीपीला चांगलं आहे, पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. सैंधव मीठ मात्र बीपीला काही वेगळं नाही. तेही सोडियम क्लोराईडच, आणि बहुतेक पाकिटांत आयोडीन नसतं.

ठाकरे ताई, आहारतज्ज्ञ (सी-४०४)
राऊत काका, मिठाचा हिशेब मी सांगते, कारण "आम्ही कमीच खातो" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, साधारण एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, शेव, ब्रेड सगळं आलं. चार माणसांचे २० ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस तरी पुरायला हवा. बाहेरचं खाणं आणि फरसाण धरलं तर दोन महिने. आज पुडा फोडाल त्यावर तारीख टाका. महिन्यात संपला तर उत्तर मिळालं.

पहिली कपात पोळीच्या कणकेतलं आणि भातातलं मीठ, दोन्हीला त्याची गरज नाही. दुसरी, ताटात वाढून घेतलेलं मीठ. तिसरी पापड-सांडगे-कुरड्या, कारण पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही, आणि खारही सोडियमच. एकदम अर्ध्यावर आणू नका, दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करा, जीभ जुळवून घेते. पाकिटावर "सोडियम" मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ.

तेलाला माणशी महिन्याला अर्धा लिटर ही सोपी रेषा. चार जणांचे दोन लिटर. तर्री-पोह्यात रस्सा घ्या, वरचा तवंग बाजूला करा. गोळाभातावरची तेलाची फोडणी डावाने न ओतता चमच्याने घ्या. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

डॉ. वानखेडे
ज्यांना सुईची भीती आहे त्यांच्यासाठी कागदावरचा हिशेब. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ साली भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचे गुण ठरवले, ते असे.

वय ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० पासून पुढे ३०. कंबर: पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आत ०, ९० ते ९९ ला १०, १०० आणि पुढे २०. बायकांसाठी हेच ८० च्या आत, ८० ते ८९, आणि ९० पासून पुढे. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई किंवा वडील एकाला शुगर तर १०, दोघांना तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा, रक्त तपासायलाच हवं.

समजा मिहानमधल्या कंपनीत दिवसभर खुर्चीवर काम करणारा ४२ वर्षांचा माणूस, कंबर ९६, व्यायाम नाही, आईला शुगर. २०, १०, ३०, १०, झाले ७०. वय आणि आई बदलत नाही. पण रोज चालला तर ३० चे २० होतात आणि कंबर ९० च्या आत आली तर १० चे ०. बेरीज ५० वर येते. कंबर पॅन्टच्या साईजवरून लिहू नका. पॅन्ट पोटाखाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, एवढ्या वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मे महिन्यात सकाळी ६ च्या आधी नाहीतर खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. रात्री जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाललात तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड.

डॉ. बोरकर, दंतवैद्य (डी-२०२)
खर्ऱ्याबद्दल मी स्पष्टच लिहिते. "आम्ही तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" हा भ्रम आधी सोडा. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, आणि तोंड कमी उघडण्याचा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो. गालाच्या आतली मऊ त्वचा पांढरी, राठ, दोरीसारखी होते. गेलेली लवचिकता पूर्ण परत येत नाही, पण खाणं सोडलं तर पुढची वाढ थांबवता येते.

घरी आरशासमोर बघा: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील तर दाखवायलाच हवं. मग टॉर्चने दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, जीभ उचलून खाली आणि दोन्ही कडा. पुडी जिथे दाबता तिथे जास्त नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, साध्या तिखटानेही आग होणं, ही चिन्हं. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. दुखत नाही म्हणून थांबू नका. मेडिकलजवळच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाजवळच्या) शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येतं.

सोडताना पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात, तीन-चार आठवड्यांत ओढ बरीच उतरते. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. पाणी प्या, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, जागा बदला. निकोटीनचं गम चघळून गिळत बसायचं नाही. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. सरकारची मोफत मदत १८००-११-२३५६ वर मिळते.

एक विनंती. वॉचमन, गाड्या धुणारे, घरकामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना यादीत घ्या. त्यांचं तोंड आणि बीपी बघायला काही खर्च नाही.

देशमुख, सचिव
घेतले, सगळे घेतले. मॅडम, तुमच्यासाठी खिडकीजवळचं टेबल ठेवतो. सिस्टर, बीपीचं टेबल कुठे?

गेडाम सिस्टर
आतल्या खोलीत, रांगेच्या आवाजापासून लांब. पाठीच्या सहा खुर्च्या बाहेर ठेवा, तिथे पाच मिनिटं बसूनच आत पाठवा. स्टूल नको. मोठा पट्टा मी आणते.

आणि कोणाचं १८०/१२० किंवा वर आलं तर घाबरवू नका. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजू. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर सरळ १०८. त्रास सुरू झाल्याची वेळ कार्डावर लिहा, कारण पॅरालिसिसमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. काहीच त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. जिभेखाली बीपीची गोळी ठेवायची नाही. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो.

मेश्राम ताई
रक्त ७ ते ९, मग नाश्ता. नाश्त्याला ठाकरे ताईंना विचारून पोहे करा, वर शेव नको.